पोफळींचा हात

लग्न होऊन मी जबलपूरला आले, तेव्हा स्टेशनवरून रांझीच्या क्वार्टरपर्यंत आम्ही टांग्यानं गेलो. नवी नवरी शेजारी बसलेली, पण आमचे हे सारा वेळ टांगेवाल्याशीच बोलून राहिले होते. "भैया, तुम्हारा टांगा बायीं तरफ़ भाग रहा है." एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी तो टांगेवाला वैतागून म्हणाला, "बाबूजी, आगे घोड़ा है, इंजन नहीं. जिधर मन होगा, भागेगा." मी पदरात तोंड लपवून हसले. पुढं काय वाढून ठेवलं आहे ते मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, पण वीस वर्षांची पोर मी, काय ओळखणार कपाळ!

ह्यांचं नाव नीलकंठ पोफळी. फौजेचे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात हे टेस्टर होते. टेस्टर म्हणजे काय, तर तयार झालेला ट्रक चाचणीच्या रस्त्यावर पळवायचा आणि तो नाकासमोर जातो की एका बाजूला ओढतो ते सांगायचं. बाकीचे टेस्टर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडून देत आणि गाडी कुठं जाते ते पाहत. ह्यांना ते हलकं वाटायचं. "सोडून काय पाहायचं? ते तर कोणीही पाहील," म्हणायचे. हे दोन्ही हातांची दोन-दोन बोटं चाकावर नुसती टेकवत, फर्लांगभर जात आणि सांगत, डावं चाक एक सूत आत घ्या. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. मग कोणी मोजून पाहावं, तर खरंच एक सूत निघायचं. बारा वर्षांत हे एकदाही चुकले नाहीत.

"पोफळींनी हात लावला का?" साहेब लोक एवढंच विचारत. लावला म्हटलं की पुन्हा कोणी मोजत नसे. ह्यांच्या हातापुढं दोरी आणि पट्टीसुद्धा खोटी, असा मान होता. जबलपुरात आमचं स्वतःचं घर नाही, जमीन नाही, कोणी बडा नातलग नाही. चार लोकांत आमची जी काही पत होती ती त्या दोन हातांची, आणि हे तिला जिवापाड जपायचे.

घरी मात्र त्या हातांनी माझ्या नाकी नऊ आणले. भिंतीवरचे फोटो दर रविवारी सरळ करायचे. माझी शिलाई मशीन चांगली चालून राहिली असताना तिचं चाक खोलून ठेवायचं. सदर बाजारात गेलो की वांगी राहायची बाजूला आणि हे भाजीवाल्याच्या ठेल्याखाली वाकायचे. एकदा शेजारच्या चिटणिसांच्या बाळाची बाबागाडी उलटी करून बसले. बाळ माझ्या कडेवर रडून राहिलेलं, बाळाची आई दारात तोंड पाडून उभी, आणि हे मला विचारतात, "प्रमोदिनी, आपला बारीक पाना कुठं ठेवला?" असा राग आला होता मला, की तो पाना सापडला असता तर मीच फेकून मारला असता.

एकोणीसशे एकाहत्तरच्या नोव्हेंबरात तर कहर झाला. दिवाळी होऊन गेली होती, लढाई आज होते की उद्या असं सारे बोलून राहिले होते. खिडक्यांना काळे कागद लावलेले. कारखान्यात सुट्ट्या बंद, दहा-दहा तासांच्या पाळ्या. हे सकाळी सहाला जायचे ते चारला यायचे, आले की पाठ टेकायचे. अशात एका रविवारी सकाळी माझी धाकटी बहीण विनता दारात जीप घेऊन उभी!

विनता नर्स आहे. लग्न केलं नाही, करणार नाही म्हणाली आणि नाहीच केलं. मंडल्याच्या पलीकडं जंगलात एका ट्रस्टचा दवाखाना होता, तिथं ती काम करायची. ड्रायव्हर काम सोडून गेला तेव्हापासून जीप तीच चालवायची. जीप लिलावात घेतलेली, जुनी. नाल्यांतले दगड तिच्या पोटाला लागायचे म्हणून ट्रस्टवाल्यांनी कोण्या गॅरेजवाल्याकडून ती वीतभर उंच करून घेतली. दगड लागायचे बंद झाले आणि जीप डावीकडं ओढायला लागली.

"भाऊजी, खांदे भरून येतात हो माझे," चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच ती बोलली. "अन् घाटात डावीकडंच दरी आहे. सोमवारी, म्हणजे उद्याच्या नाही, पुढच्या, मला देवीची लस घेऊन परत जायचं आहे. बारा गावं वाट पाहून राहिली आहेत. तोवर होईल ना?"

"होईल काय, झाली समज," हे म्हणाले. माझ्या लग्नातसुद्धा ह्यांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद पाहिला नव्हता. मगाशी पाठ दुखते म्हणून कण्हत पडलेला माणूस अर्ध्या तासात जीपखाली होता.

घरच्या घरी हे प्रकरण मिटलं असतं तर काय पाहिजे होतं! ह्यांनी कारखान्यातल्या दोघांना बोलावणं धाडलं. एक बंडूभाऊ खोत, स्प्रिंगच्या खात्यातले. दुसरे चौरसियाजी, स्टिअरिंग जोडायच्या खात्यातले. दोघंही ह्यांच्याहून लहान, दोघंही काम ह्यांच्या हाताखाली शिकलेले. आले, आणि बाप्पा! माझ्या तुळशीपुढच्या सारवलेल्या अंगणाची वाट लागली.

आधी चाकांतली हवा मोजून सारखी केली. मग पुढचे टायर डावीकडचे उजवीकडं, उजवीकडचे डावीकडं. दोष टायरात असेल तर ओढणंही बाजू बदलेल, असं हे विनताला समजावून राहिले होते. ओढणं बदललं नाही. मग चाकं उचलून हातानं गरगर फिरवली, कुठं ब्रेक घासतो का पाहिलं. डावा किंचित घासत होता, तो सैल केला. मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली, टायरवर खडूच्या रेघा मारल्या आणि काठीनं अंतर मोजलं. दोरी माझी, कपडे वाळत घालायची. कपडे गेले कुठं, तर पेरूच्या झाडावर.

खरी गोम चौथ्या चहानंतर सापडली. गॅरेजवाल्यानं जीप उंच करायला पुढच्या स्प्रिंगा जिथं लटकतात तिथल्या कड्या लांब घातल्या होत्या, त्यानं पुढची दोन चाकं जोडणारा सारा आसच पुढं कलंडला होता. ह्यांनी माझी सायकल ओढून आणली. "हा पुढचा चिमटा पाहा. मागं कलता आहे की नाही? म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. तो उभा केला तर सायकल भटकते. जीपचं तेच झालं आहे." उपाय म्हणजे स्प्रिंग आणि आसाच्या मध्ये लोखंडी पाचर घालायची, एका टोकाला जाड, एका टोकाला पातळ. मग आस पुन्हा मागं कलतो. बंडूभाऊ पाचरी घडवून आणणार, चौरसियाजी स्टिअरिंगचा दांडा नीट करणार. जीप उंच झाल्यानं तो तिरपा पडला होता आणि प्रत्येक खड्ड्यात चाक वळवून राहिला होता. इतकं सोपं होतं. दोन दिवसांचं काम.

पण त्या आठवड्यात ते दोघं दुसऱ्या पाळीत होते. म्हणजे हे कामावर गेले की ते सकाळी माझ्या अंगणात यायचे, आणि हे घरी यायच्या वेळेला ते कामावर. तिघांची गाठच पडेना. मग निरोप कोण सांगणार? मी! हे संध्याकाळी अर्धा तास जीप फिरवून यायचे आणि मला सांगायचे. मी सकाळी त्यांना सांगायची. आणि विनता? ती दिवसभर लशीच्या कागदांसाठी सरकारी कचेऱ्यांत खेटे घालून राहिली होती.

मंगळवारी पाचरी बसल्या, दांडा नीट झाला. संध्याकाळी हे जीप फिरवून आले. "भटकणं गेलं. पण डावीकडं ओढते. थोडं. त्यांना सांग."

मी सांगितलं. चौरसियाजींनी पुन्हा दोरी लावली, मोजलं, डोकं खाजवलं. "भौजी, सब बराबर है." बंडूभाऊ म्हणाले, "वहिनी, रेघ न् रेघ जुळून राहिली." दोघं जीप घेऊन बाहेर गेले, परत आले, आणि पेरूच्या झाडाखाली उभं राहून काहीतरी कुजबुजले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, काही नाही, पाहतो आम्ही.

बुधवारी संध्याकाळी, "डावीकडं." गुरुवारी संध्याकाळी, "कालच्यापेक्षा कमी, पण डावीकडंच." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, दोरी सांगते सरळ, पट्टी सांगते सरळ, ते दोघं सांगतात सरळ. काहून जीव घेऊन राहिले त्या गरीब जीपचा?" हे शांतपणे म्हणाले, "दोरीला काय कळतं?" शुक्रवारी पुन्हा तेच. रोज सकाळी लोखंडाची ठाकठूक, रोज वंगणाचे डाग, आणि जाता-येता शेजारणी विचारणार, "काय हो, पोफळीबाई, गॅरेज उघडलं का?" मी हात टेकले. जबलपुरात माणसं लढाईच्या तयारीत होती आणि माझ्या अंगणात एक सूत इकडं की एक सूत तिकडं चाललं होतं.

शनिवारी संध्याकाळी हे आले आणि फाटकातूनच ओरडले, "झाली! आता नाकासमोर जाते!" मी देवापुढं साखर ठेवली. जीप सुधारली म्हणून नाही, अंगण सुटलं म्हणून. दुसऱ्या दिवशी रविवार, तेव्हा बंडूभाऊ आणि चौरसियाजींना जेवायला सांगितलं. वडाभाताचा बेत केला.

रविवारी सकाळी विनता म्हणाली, जरा ग्वारीघाटापर्यंत जाऊन हात बसवून येते. मी डाळ वाटत बसले. अर्ध्या तासात जीप फाटकाशी परत. विनताचा चेहरा उतरलेला.

"भाऊजी, ही तर उजवीकडं पळून राहिली!"

"अशक्य," हे पेपरातून मान वर न करता म्हणाले.

"अशक्य काय? दोन सायकलवाले वाचले माझ्या हातून."

"तुला चालवता येत नाही. चाक पोटाशी ओढून बसतेस, गाडी काय करेल?"

"अच्छा! मग पाच वर्षं जंगलात जीप कोण चालवून राहिलं, वाघ?"

झालं, दोघांची जुंपली. हे म्हणतात सरळ, ती म्हणते उजवी. ती म्हणते मला उद्या घाटातून जायचं आहे, हे म्हणतात पोफळींनी पाहिलेली गाडी आहे. मी ऐकलं, ऐकलं आणि डाळीच्या हातानंच उठले. "चला! दोघंही चला! मी पण येते. एकदाचं काय ते माझ्यासमोर होऊन जाऊ द्या." लग्नाच्या एकोणीस वर्षांत मी कधी ह्यांच्या कामात पडले नव्हते. त्या दिवशी पडले.

खमरियाकडचा रस्ता रविवारचा रिकामा होता. आधी विनतानं चालवली. ती चाक डावीकडं धरून राहिली होती, तिच्या मनगटाच्या शिरा दिसत होत्या. मग हे बसले. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं टेकवली आणि जीप अशी गेली, की मला वाटलं आता विनताच खोटी. "पाहिलं?" हे म्हणाले. विनताच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खोटं बोलणाऱ्यातली नाही हो, आणि हेही नाहीत.

माझं डोकंच फिरलं. "हे पाहा," मी मागून म्हणाले, "तुम्ही दोघंही खरे असाल तर लबाडी त्या जीपची. काढा तुमचे हात तिच्यावरून. कुठं जायचं ते तीच सांगेल."

"असं नसतं पाहायचं."

"सारा कारखाना तसंच पाहतो. तुमचंच काय वेगळं? सोडा म्हणते ना! सोडा एकदाचे!"

मी इतक्या जोरात ओरडले, की ह्यांनी खरंच हात उचलले. जीप थोडी सरळ गेली. मग हळूच उजवीकडं निघाली. रस्त्याच्या मध्यापर्यंत आली, मध्य ओलांडला, पलीकडच्या कडुलिंबाकडं निघाली. विनतानं शेजारून चाक ओढलं, ह्यांनी ब्रेक दाबला, आणि इंजिन धक्का खाऊन बंद पडलं.

हे चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेले हे मला ठाऊक होते. हे नुसते चाकाकडं पाहत बसले. मग इंजिन सुरू केलं आणि पुन्हा निघाले. फर्लांगभर नुसत्या डाव्या हातानं चालवली. मग डावा हात मांडीवर ठेवला आणि नुसता उजवा चाकावर ठेवला. जीप उजवीकडं झुकली. हे तिला परत आणायला गेले आणि ह्यांची बोटं चाकावरून सुटली. पुन्हा धरलं, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा ह्यांनी जीप कडेला उभी केली.

"विनता, तुझं बरोबर आहे," हे म्हणाले. "उजव्या हातात जोर नाही माझ्या. डावा हात चाक खाली ओढतो, उजवा त्याला तोलत नाही. म्हणून मला सारं डावीकडं ओढतं."

आणि मग माझ्या डोळ्यांपुढं एकेक यायला लागलं. दसऱ्यापासून ह्यांच्या हातून वरणाची वाटी सांडत होती, मी म्हणायची लक्ष कुठं आहे तुमचं. सकाळी शर्टाची बटणं लावायला मला हाक मारायचे, मी म्हणायची काय हे लाड या वयात. रेशनच्या कागदावरची सही बारीक, आणखी बारीक होऊन राहिली होती, त्यावरूनही मी बोलले होते. पुढं नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला कंपवात म्हटलं. पण तेव्हा मला कुठलं नाव ठाऊक होतं? मला एवढंच कळलं, की दोन महिने हा माणूस माझ्यासमोर आजारी होता आणि मी त्याला रागावून राहिले होते. मला स्वतःची शरम वाटली, आजही वाटते.

घरी आलो तर बंडूभाऊ आणि चौरसियाजी ओट्यावर बसलेले, धुतलेले कपडे घालून, जेवायला. ह्यांनी बसू दिलं नाही. "पाचरी दाखवा," म्हणाले. दोघं एकमेकांकडं पाहू लागले. हे स्वतः जीपखाली गेले. उजव्या बाजूची पाचर मंगळवारी होती तीच होती. डाव्या बाजूची बदलून जाड घातली होती. डावीकडं जाड पाचर घातली की जीप उजवीकडं झुकते, एवढं त्या आठवड्यात मलाही समजायला लागलं होतं.

"मंगळवारी जीप सरळ होती?" ह्यांनी विचारलं.

बंडूभाऊ मान खाली घालून म्हणाले, "होती."

"हात सोडून पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं, दादा. दोनदा."

"मग?"

उत्तर चौरसियाजींनी दिलं. "दद्दा, आपने कहा बायें जाती है. आपके हाथ को झूठा कैसे कहते?"

मी तर उसळले. "काहून नाही म्हणायचं? मेल्यांनो, माझी बहीण उद्या घाटातून जाणार होती त्या जीपमध्ये! उजवीकडून बस आली असती समोरून, तर? तुमचा मान गेला चुलीत!" विनतानं माझा दंड धरला म्हणून, नाहीतर हातातल्या पळीनं मी काय केलं असतं, देव जाणे.

"भौजी, हम तो दीदी को जाने से पहले बता देते..." चौरसियाजी म्हणू लागले आणि त्यांनाच ते खरं वाटलं नाही, म्हणून गप्प झाले.

ह्यांनी मला हातानं थांबवलं. दुसऱ्याच गोष्टीवर ह्यांचं मन गेलं होतं. "कारखान्यात दसऱ्यापासून मी एकवीस ट्रक डावीकडं ओढतात म्हणून परत पाठवले. त्यांचं काय केलं?"

मग बंडूभाऊंनी सांगितलं, की त्या ट्रकांना कोणी हात लावला नाही. दुसऱ्या पाळीच्या टेस्टरनं रीतसर हात सोडून चालवून पाहिले, सारे सरळ निघाले, त्यानं सही केली आणि ट्रक गेले. "आम्ही साऱ्यांनी ठरवलं होतं, दादा, की तुमच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. दोन वर्षांत तुम्ही रिटायर झाले असते."

"सारे म्हणजे किती जण?"

"सारेच."

हे ओट्यावर बसले. एकवीस ट्रक सरळ निघाले याचा ह्यांना आनंद झाला, तो मी पाहिला. पण तो पळभर टिकला. "म्हणजे दोन महिने मी रोज सकाळी सहाला जाऊन काय केलं?" हे म्हणाले. "ट्रक दुसऱ्यानं पाहिले. आणि इथं माझ्यासाठी तुम्ही सरळ गाडी वाकडी केली. मी शिकवलं तुम्हाला, अन् तुम्ही वाकडी केली." हे ओरडले नाहीत. चौरसियाजी मोठा माणूस, मिशावाला, माझ्या दारात लहान मुलासारखा रडला. मला त्याची दयाही आली आणि त्याला घराबाहेर काढावंसंही वाटलं.

वडाभात तसाच राहिला. त्या दुपारी दोघांनी जाड पाचर काढून जुनी बसवली. हे नुसते खुर्ची टाकून समोर बसले. झाल्यावर विनतानं जीप चालवून पाहिली, हात सोडून. परत येऊन म्हणाली, सरळ आहे. हे म्हणाले, "मग जा." सोमवारी पहाटे ती लशीच्या पेट्या घेऊन निघाली. जाताना ह्यांच्या पाया पडली. मंडल्याला पोहोचून तिनं केलेली तार तिसऱ्या दिवशी आली.

त्याच सोमवारी हे नेहमीसारखे सहाला कामावर गेले. ह्यांनी हाक मारायच्या आधीच मी शर्टाची बटणं लावून दिली. दहा वाजता फाटक वाजलं. पाहते तर हे! एकोणीस वर्षांत या वेळेला हे कधी घरी आले नव्हते. माझ्या हातात केरसुणी होती.

"सांगून आलो," हे म्हणाले. "लिहून दिलं साहेबांना. आजपासून टेस्टिंग बंद."

"मग साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, पोफळी, लढाईचे दिवस आहेत, बसून राहा खुर्चीवर, गाडी दुसरा चालवेल, सही तुम्ही करा. तुमच्या नावाला वजन आहे." हे चपला काढत होते. "मी म्हटलं, हाताला नाही, तर नावाला कशाला? मला स्टोअरमध्ये टाका. बोल्ट-नट मोजेन. उद्यापासून तिथं."

माझ्या जिभेला सवय होती तेच आलं, "पाय धुऊन या, केर काढून राहिली मी." हे पाय धुऊन आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर माझ्याजवळ बसले. बाहेरच्या रस्त्यानं ट्रकांची रांग स्टेशनकडं चालली होती, एकामागून एक, त्यानं आमच्या मांडणीतली भांडी वाजत होती. हे कान देऊन बसले होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझा हात दे."

मी केरसुणी ठेवली, हात पदराला पुसला आणि दिला.

ह्यांनी तो उजव्या हातात घेतला. "आता मी दाबतो. सारा जोर लावतो. तुला किती लागतं, ते सांग." ह्यांच्या कपाळावर शीर उठली, दात आवळले गेले, खांदा थरथरला. सारा माणूस त्या एका मुठीत उतरला होता. "सांग," हे म्हणाले. "अन् खरं सांग, प्रमोदिनी. त्या दोघांनी केलं तसं तू करू नको."

जन्मभर मी ह्या माणसाला फाडफाड बोलत आले. त्या दिवशी पहिल्यांदा खोटं बोलावंसं वाटलं. तरी मी खरं सांगितलं.

"नाही हो. काहीच लागलं नाही."